चांदभाईचं दार

माझा मामा कारभारी म्हणजे लई हेकट माणूस. आता तो नाय, तरी म्हणते. गारखेड्यातल्या माझ्या घरी नातवंडं त्याच्या फोटोला हार घालतात, स्वातंत्र्यसैनिक म्हणून मित्रांना दाखवतात. दाखवू देत. मला त्या फोटोकडं बघितलं की आधी राग येतो, मग रडू.

निजामाच्या राज्यात मामा सरहद्दीपल्याडच्या, निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या कॅम्पात गेला होता. करोडगिरीचा, म्हणजे निजामाच्या जकातीचा नाका जाळणाऱ्यांत तो होता. आत कुणी झोपलेलं नाय ना, हे स्वतः वाकून बघितलं अन् मगच काडी लावली, असं सांगायचा. पोलीस ॲक्शन झाली, रझाकार पळाले, मामा परत आला. आमचं गाव देवगाव रंगारीच्या अलीकडं. बहिणीला, म्हणजे माझ्या आईला भेटायला आला तर बघतो काय, माझ्या बापानं, कडूबानं, घराला चौकटीसह सागवानी दार बसवलेलं. ते होतं चांदभाई रंगाऱ्याचं. रझाकारांचा राग लोकांनी गावच्या मुसलमानांवर काढला, तेव्हा चांदभाई बायकापोरांना घेऊन जीव वाचवत पळाला, अन् गावानं त्याचं घर चुलीसकट वाटून घेतलं.

"दाजी, हे परत बसवून या," मामा अंगणातूनच म्हणाला.

"अन् रझाकारांनी आपली कडब्याची गंजी पेटवली ती? आपली लढाई न्यायाची व्हती का नाय?"

"व्हती. म्हणून तर म्हणतो. चांदभाईनं तुमचं काय नेलं व्हतं?"

"त्याच्या लोकांनी नेलं."

"एकाचं दुसऱ्यावर काढायचं, तर रझाकार वेगळं काय करत व्हते?"

बाप खवळला. "मला अक्कल शिकवू नको. दार इथंच राहील."

"मग मी त्या दारातून आत येणार नाय."

अन् नायच आला. दर भाऊबीजेला आई अंगणात पाट मांडायची. मामा तिथंच बसायचा, तिथंच जेवायचा. वाऱ्यानं निरांजन विझायचं, आई पदर आडवा धरून परत लावायची. आम्ही पोरं खी खी हसायचो, आई नाय हसायची. एकदा ती बापाला म्हणाली, "काढा ना ते दार." बापानं ताट भिरकावलं. मग भावाला म्हणाली, "दादा, माझ्यासाठी ये ना आत."

"सरू, मी आत आलो की ते दार दाजींचं झालं," मामा म्हणाला.

घ्या! दोघं बी दगड, अन् मधी माझी आई.

दुष्काळाच्या साली ती अंथरुणाला खिळली. निरोप गेला, मामा धावत आला अन् अंगणात बसला. आतून आईनं हाक मारली, "दादा..." मामा उठला, उंबऱ्यापर्यंत आला. पाय उचलला अन् तसाच खाली ठेवला. माझ्या अंगाची आग आग झाली.

"ये रे आत," बापानं हात जोडले. "तुझ्या पाया पडतो."

"दार काढा, दाजी." मामा उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला.

एवढ्या वर्षांनी बापानं पहार उचलली. चौकट भिंतीत पक्की रुतलेली. पहार बसत होती, माती पडत होती, अन् आईची हाक बारीक होत चालली होती. चौकट आडवी झाली तसा मामा आत घुसला. आईचे डोळे दाराकडंच होते, पण ती गेली होती.

सरणाला लाकडं पुरेनात. बाप म्हणाला, "ते दार घाला. जाऊ द्या तिच्याबरोबर."

मामा आडवा आला. "ते चांदभाईचं हाय. आपल्याला जाळता येणार नाय."

माझं डोकंच फिरलं. सगळ्यांसमोर ओरडले, "मामा, चांदभाईनं काय नेलं व्हतं, असं जल्मभर माझ्या बापाला विचारलंस. आता मी तुला विचारते. माझ्या आईनं कुणाचं काय नेलं व्हतं?"

 मामा त्या आडव्या चौकटीपाशी मटकन खाली बसला.

"काय नाय, आवडे," तो म्हणाला. "तिनं कुणाचं काय नाय नेलं."