माझी पंचविसावी तीज

आमच्या बंजारा तांड्यात तीज पेरायचा मान फक्त बिनलग्नाच्या पोरींचा. राखी पौर्णिमा झाली की टोपल्यांत वारुळाची माती आणि शेणखत भरायचं, भिजवलेला गहू पेरायचा आणि नऊ दिवस गाणी म्हणत पाणी घालायचं. याडी, म्हणजे आमची देवी, प्रसन्न झाली की चांगला नवरा मिळतो. मी तेराव्या वर्षी पहिली टोपली पेरली. यंदाची पंचविसावी. वय ज्याचं त्याने काढून घ्यावं, मला लपवायचं नाही.

सतराव्या वर्षी माझ्या डाव्या हातावर कोडाचा पहिला डाग उठला, मग मानेवर. नेरकडून पाहुणे आले, बाभुळगावकडून आले, पोहे खाल्ले आणि हात पाहून उठले. एकांनी तर जाता जाता आईला धाकटीचं विचारलं. धाकटीचं लग्न झालं, तिला दोन मुलीही झाल्या. मी तांड्याच्या अंगणवाडीत शिकवायला लागले. आज माझ्या शेजारी टोपल्या पेरणाऱ्या पोरींची नाकं मीच पुसलेली आहेत.

मधली काही वर्षं माझा विश्वास पार उडाला होता. खोटं कशाला सांगू? पाणी घालताना तोंडाने गाणं आणि मनात याडीला शिव्या. एका वर्षी तर मी पाणीच घातलं नाही. बघू म्हटलं, काय करतेस. गहू करपून गेला आणि मी ढसाढसा रडले, नवऱ्यासाठी नव्हे, त्या गव्हासाठी. त्या दिवशी ठरवलं, याडीशी भांडायचं तर समोर उभं राहून. पाठ फिरवायची नाही.

यंदा पेरणीच्या सकाळी रिवाजाप्रमाणे आम्ही तांड्याच्या नायकाकडे परवानगी मागायला गेलो. शेजारची काकी, जिच्या मुलीचं लग्न नुकतंच ठरलं होतं, सगळ्यांदेखत पुढे झाली. बोलणं झालं बंजाऱ्यांच्या गोरबोलीत, इथे आमच्या वऱ्हाडीत सांगते.

"हिची टोपली पोरीइच्या टोपल्यात ठेवू नका," काकी म्हणाली. "इतके वर्स झाले, याडी हिचं आयकून नाही राह्यली. आमच्या पोरीइचंही अडन ना मंग!"

आईने माझा हात ओढला. "चाल घरी. कायले हसू करून घेतं?"

मला घरी बसवलं असतं तर याडीच्या दारातली माझी एवढीशी जागाही गेली असती. आणि खरं सांगू, संताप आला तो अपमानाचा नव्हता. याडी कोणाचं ऐकते, हे सांगणारी काकी कोण?

"काका, तीज कोन पेरते?" मी नायकाला विचारलं.

"कुवाऱ्या पोरी."

"मंग माहं लगन कधी झालं? तांड्यातले सारे लगन तुमीच लावता. तुमाले आठवते का?"

मागे कोणीतरी फिसकन हसलं. काकी म्हणाली, "पोरी म्हने! वय पाय आपलं."

"तर मंग वय सांगा. कितव्या वर्सी याडी आयकनं बंद करते, थे सांगा. टोपली आत्ता मोडू."

नायकाने मळलेली तंबाखू तोंडात टाकली. "पेरू द्या तिले," तो म्हणाला. आई माझ्यासाठी न थांबता तरातरा निघून गेली.

पुढचे दिवस सकाळी सकाळी बायका आधी माझी टोपली बघायच्या. मलाही धाकधूक होतीच. गहू उगवला नाही तर काकी खरी ठरणार होती. चौथ्या दिवशी अर्ध्या टोपलीत कोंब आले, अर्धी माती तशीच राहिली. काकी बोटाने दाखवत फिरली. मी त्या रिकाम्या मातीलाही पाणी घालत राहिले.

आता मी याडीकडे नवरा मागत नाही. मग पेरतेस काहून, असं आईने त्या चौथ्या दिवशी रात्री जेवताना विचारलं. तेराव्या वर्षी मी याडीला शब्द दिला होता, लग्न होईस्तोवर दर वर्षी पेरीन म्हणून, मी म्हटलं. तिने तिचा पाळला नाही म्हणून मी माझा मोडू का? आईने ताटात आणखी एक भाकर टाकली आणि विषय संपवला.

शेवटच्या दिवशी तीज शिरवायला, म्हणजे पाण्यात सोडायला, आम्ही नाल्यावर गेलो. लग्न ठरलेल्या पोरींची ती शेवटची तीज, त्यामुळे रडारड चालली होती. काकीची मुलगी माझ्या गळ्यात पडून हमसाहमशी रडली. "ताई, पुढच्या वर्सी मी नसन ना वं!"

तिला मी पोटाशी धरलं. पलीकडे काकी पदराने डोळे पुसत होती. मला रडू आलं नाही. मी पाण्यात उतरले, टोपली सोडली आणि काकीलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "याडी, पुढच्या वर्सी मी येतोच. तुहं तू पाय."