खाट शांतम्माची, सुई शिवम्माला

मुरुम गावची महादेवी एका खासगी दवाखान्यात नर्स. हात इतका हलका, की सुई टोचून घेताना पोरं रडायचं विसरत. तिचं नाव गाजलं ते मात्र एका चुकलेल्या सुईनं.

आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना खाट मानवत नाही. दवाखान्यात खाट मिळाली तरी ती रिकामी सोडून खाली फरशीवर वाकळ टाकायची आणि ढाराढूर झोपायचं. शांतम्माही तशीच खाली झोपली होती. तिला बघायला आलेली जाऊ शिवम्मा उन्हानं दमली होती, ती खाटेवर कलंडली. नर्सबाया पेशंट ओळखणार खाटेवरून. महादेवीनं नाव विचारलं नाही आणि शांतम्माचं शुगर उतरवायचं इंजेक्शन शिवम्माच्या दंडात दिलं.

शिवम्मा दचकून उठली. "मला कशाला टोचलंस गं?"

महादेवीला आपली चूक उमगली. 'ताकदीची सुई हाय' म्हटलं असतं, तर म्हातारी उलट खूश झाली असती. पण ती धावत डॉक्टरांकडे गेली. "सर, माझ्या हातनं चूक झाली." लगोलग साखरपाणी दिलं, ग्लुकोज लावलं. दुसऱ्या दिवशी शिवम्मा आपल्या पायांनी घरी गेली.

आणि महादेवी? डॉक्टरांनी नातेवाइकांसमोर तिचे वाभाडे काढले आणि वॉर्डातून हलवून तिला चादरींच्या घड्या घालायला बसवलं. चूक कशी झाली ते कुणीच विचारलं नाही, कुणाची झाली एवढंच त्यांना हवं होतं. बरोबरीच्या बाया म्हणाल्या, "झाकली मूठ सव्वा लाखाची, अक्का. तुमी उगंच उघडली." सत्याला मरण नाही म्हणतात. सत्य सांगणाऱ्याचं काय होतं, ते मात्र कुणी सांगत नाही.

पुढं माणसं कमी पडली, तेव्हा झक मारत तिला वॉर्डात परत घेतलं. एका दुपारी कळंबहून आलेली नवी नर्स ज्ञानेश्वरी पळत तिच्याकडे आली.

"अक्का, कोंडीराम आजोबाला दुसऱ्याचीच बीपीची गोळी दिली म्या. सरांना सांगू का?"

'सांग' हा शब्द महादेवीच्या ओठांवर आला होता. तिनं तो गिळला.

"गप बस," ती म्हणाली. "कुणाला बोलू नको."

मग ती स्वतः कोंडीरामच्या उशाशी ठाण मांडून बसली. घटकेघटकेला बीपी बघत होती आणि मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालत होती. म्हाताऱ्याला घेरी आली, घाम फुटला, पण निभावलं. फेरीवर आलेले डॉक्टर सगळ्यांना म्हणाले, "शिका हिच्याकडून. पेशंटची काळजी अशी घ्यायची असते."

महादेवीला भडभडून आलं, स्वतःचीच किळस आली.

डॉक्टर गेल्यावर ज्ञानेश्वरी तिच्या पाया पडली. "तुमच्यामुळं वाचले बघा, अक्का."

खरं सांगून शिवम्माचा जीव वाचवला, त्या दिवशी महादेवीला असं कुणीही म्हटलं नव्हतं.