पार्किंगखालचा ओढा

आज सोसायटीने माझ्या स्कूटरच्या हक्काच्या जागेत खड्डा खणू दिला. या राष्ट्रीय आपत्तीचा तीव्र निषेध!

खणत होती इतिहासाची एक संशोधक. भोसल्यांच्या काळातल्या मोडी कागदात इथे ओढा लिहिलेला, तो तिला मातीत शोधायचा होता. मी हसलो, "मॅडम, हे मनीषनगर आहे, इथे सगळं सिमेंटच!"

कमरेइतकं खणल्यावर काळा गाळ निघाला. त्यात शिंपले.

"काहून गा, आता हासून नाही राहिला?" तळमजल्यावरचे काका म्हणाले.

"बुजवला की संपतो ना ओढा?" मी तिला विचारलं.

"कागदात दोनदा बांध घातल्याची नोंद आहे. दोन्ही वेळा ओढ्याने तो वाहून नेला."

मी काकांच्या दाराकडे पाहिलं. काकूंना चालता येत नाही, आणि तळमजला घ्या असं मीच सुचवलं होतं. तुमच्या घराखाली काय आहे, विचारलंत कधी?

संध्याकाळी आभाळ भरून आलं. माझ्या दुसऱ्या मजल्यावरच्या घराची जादा किल्ली मी काकांच्या हातात ठेवली.