सीडीतली हाळी

१२ नोव्हेंबर. काम: धाकट्या जावेच्या अठरा शेळ्या दिवस बुडायच्या आत वाडग्यात, म्हणजे काट्यांच्या कुंपणात, आणणे.

जाऊ सकाळीच ऊसतोडीच्या टोळीबरोबर ट्रकमधून गेली होती. तिच्या शेळ्या फक्त तिच्या हाळीवर परत यायच्या. म्हणून आदल्या आठवड्यात तिच्या तीन हाळ्या मी मोबाईलवर रेकॉर्ड करून घेतल्या. मोबाईलचा आवाज वाडग्याच्या काट्यांपलीकडे जाईना. घरात सेलवर चालणारा जुना सीडी प्लेअर होता, त्याचा आवाज माळभर जायचा. मी मानवतला जाऊन सीडी करून आणली.

दुकानातल्या बाईने विचारलं होतं, "ऑडिओ सीडी करू, का एमपीथ्री तशाच टाकू?"

"कशात जास्त मावतं?"

"एमपीथ्रीत. पण जुन्या प्लेअरला त्या वाजवता येत न्हाईत."

"आमच्याला येतेत. उरलेल्या जागेत भजनं भरा."

शंभरेक भजनं बसली. मी खूश. घरी आल्यावर सेल उतरतील म्हणून लावूनही पाहिली नाही.

दिवस कलला तसा प्लेअर वाडग्याच्या तोंडाशी ठेवला आणि बटण दाबलं. सीडी फिरली, आत खर्रखर्र झालं, थांबली. पट्टीवर अक्षरं आली: नो डिस्क. काढून पदराने पुसली, परत लावली. तेच.

शेळ्या ओढ्यापलीकडच्या झुडपांत पांगल्या होत्या. चारच दिवसांपूर्वी त्याच ओढ्यातून लांडग्याने शेजारच्या वस्तीवरचं करडू नेलं होतं. त्यात जावेची बांडी शेळी आज-उद्या विणार होती.

मी स्वतः हाळी मारली. दोन-चार माना वर झाल्या, परत खाली गेल्या.

जावेला फोन लावला.

"आक्का, आल्या का शेळ्या?"

"न्हाई. सीडी वाजंना."

"आन् ती शंभर भजनं?" मागे ट्रकमधल्या बाया हसल्या. मग तिचा आवाज बदलला. "बांडी कुठंय?"

"दिसंना."

"लंगडीला धरा आदी. ती म्होरं निघाली की बाकीच्या येतेत. फोन ठिवा, पळा."

ओढा ओलांडून लंगडीला शिंगाला धरलं आणि ओढत निघाले. दहा पावलं ती अडून राहिली, मग चालली. मागे खुरांचा आवाज आला. मी वळून पाहिलं नाही. वाडग्याच्या तोंडाशी मोजल्या. सतरा.

वाडग्याच्या तोंडाला काट्यांचं झाप लावलं, काठी घेतली, परत पळाले. उजेड उरलाच नव्हता. बांडी बोरीखाली उभी होती. मी आले तरी माझ्याकडे बघेना; कान टवकारून ओढ्याकडेच बघत होती. तिच्या पायाशी ओलं करडू धडपडत होतं. ओढ्यात काय आहे ते पाहायला मी थांबले नाही. करडू पदरात घेतलं, काठी दगडांवर आपटत निघाले. बांडी माझ्या पायात पाय घालत आली.

फोन केला. "अठरा. आन् एक."

जावेने ते ट्रकमधल्या बायांना ओरडून सांगितलं. मग म्हणाली, "सीडी नीट करून आणा, आक्का. पाच महिने काढायचेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मानवतची बस आली तशी गेली; मी चढले नाही. मी पत्र्याच्या डब्यात ज्वारी घेतली, डबा खुळखुळवला आणि माझ्याच आवाजात हाळी मारली. लंगडी आली. तिला मूठभर ज्वारी दिली आणि परत हाळी मारली.