वाशिंदने धरलेला पाय

शहापूरच्या आमच्या कॉलेजात मुलींचा फुटबॉल संघ पहिल्यांदा उभा राहिला, तेव्हा त्यातल्या एकीनेही फुटबॉलला पाय लावलेला नव्हता. खोटं कशाला सांगू, आम्ही सगळ्या कबड्डीतून गाळलेल्या होतो. आमच्याकडे शहापूर-मुरबाडला कबड्डी घरोघरी. शाळा सुटली की पोरी मोकळ्या जागेत रेघ मारून उभ्या. त्यामुळे कॉलेजच्या कबड्डी निवडीला ही गर्दी व्हायची आणि घ्यायच्या असायच्या मोजक्या. उरलेल्या आम्ही तोंडं पाडून निघालो होतो, तेवढ्यात खेळाच्या नव्या सरांनी हाक मारली. सर कल्याणचे, स्वतः फुटबॉल खेळलेले. म्हणाले, "मला फुटबॉलला पोरी पाहिजेत. पळता येतं ना? बस झालं."

बाकीच्या गंमत म्हणून तयार झाल्या. मी गंमत म्हणून गेले नव्हते. मला खाट हवी होती.

माझं गाव डोळखांबच्याही पुढे, डोंगराच्या अंगाला. तिथून सकाळची एसटी शहापूरला पोचेपर्यंत कॉलेजचे पहिले तास होऊन गेलेले असत. पहिलं वर्ष मी शहापुरात मावशीकडे काढलं. मग मावसभावाचं लग्न झालं आणि त्या दोन खोल्यांत मी नको तिथे दिसू लागले. वसतिगृह भरलेलं होतं. खेळाडू मुलींसाठी ठेवलेल्या खाटांपैकी एक तेवढी रिकामी होती. प्राचार्य मॅडमनी ती मला दिली, पण स्पष्ट सांगूनच दिली. "हे एक वर्ष. फुटबॉलमध्ये विभागाचं विजेतेपद आणलंत, तर तिसऱ्या वर्षीही खाट तुझी. नाहीतर कबड्डीच्या मुली वाट बघतायत." घरी वडिलांचं म्हणणंही तितकंच सरळ होतं: राहायला जागा असेल तर शिक, नसेल तर घरी ये. घरी येण्याचा अर्थ मला कळत होता. आईकडे दोन स्थळं येऊन थांबली होती.

सर तेव्हा मॅडमच्या केबिनमध्येच उभे होते. त्यांना सगळं ठाऊक होतं, म्हणजे संघालाही ठाऊक असणार, असं मी धरून चालले. मी स्वतः कधी विषय काढला नाही. असल्या गोष्टी स्वतःच्या तोंडाने सांगायला मला आवडत नाहीत, अजूनही आवडत नाहीत.

सरांना आमची नावं लक्षात राहीनात, म्हणून ते गावावरून हाका मारायचे. मी डोळखांब. गोलकीपर खर्डी. पुढे पळणारी किन्हवली. आणि माझ्या शेजारी बचावाला उभी राहायची ती वाशिंद. वाशिंद अंगाने भरलेली, शेतकऱ्याची मुलगी, घरचं बरं. रोज घरून येऊन जाऊन करायची आणि डब्यात दोन माणसांचं जेवण आणायची. त्यातलं एका माणसाचं माझं, हे न बोलताच ठरून गेलं होतं. समोरच्या संघाच्या मुली आमच्या हाका ऐकून म्हणायच्या, यांचे सर गाड्यांची अनाउन्समेंट करतायत.

पहिला सामना आम्ही सपाटून हरलो, आणि हरलो तो रेघेमुळे. कबड्डीत रेघेबाहेर पाय पडला की बाद. हे आमच्या पायांत इतकं मुरलेलं की चेंडू मैदानाच्या कडेला गेला रे गेला की आमची पोरगी चुन्याच्या रेघेशी येऊन खाडकन थांबायची. चेंडू आतच असायचा. ती नुसती त्याच्याकडे बघत राहायची आणि समोरची येऊन तो घेऊन जायची. सर बाहेरून ओरडून ओरडून लाल झाले. "अगं, लाइन आहे ती, विजेची तार नाही!" किन्हवलीची तर आणखी तऱ्हा. चेंडू घेऊन पळताना ती तोंडातल्या तोंडात कबड्डी कबड्डी म्हणायची. दम संपला की चेंडू तिथेच सोडून माघारी पळत यायची, सुटून आल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी सरांनी आम्हाला मैदानाच्या कडेच्या रेघेवरून पाय घासत चालायला लावलं. अख्खी रेघ पुसून निघेपर्यंत. शिपायाने पुन्हा चुना टाकला, आम्ही पुन्हा पुसला. तो चिडला, पण आमची भीती आठवडाभरात गेली.

दुसरी सवय मात्र सरांनी मोडली नाही. कबड्डीत चढाई करणारी आत आली की बचावातल्या मुली एकमेकींचे हात धरून साखळी करतात. आम्ही चौघी मागे उभ्या असायचो त्या फुटबॉलमध्येही हात धरूनच. माझा उजवा हात वाशिंदच्या डाव्या हातात, तिची पकड अशी की बांगडी घातली असती तर फुटली असती. पंच बुचकळ्यात पडले. त्यांनी येऊन विचारलं, "मुलींनो, हे काय आहे?" वाशिंद म्हणाली, "साखळी." पंच म्हणाले, असं करू नये असं कुठे लिहिलेलं नाही, पण बरं दिसत नाही.

सर मात्र त्या दिवशी खूश होऊन घरी गेले. पुढच्या सरावाला त्यांनी आम्हाला ऑफसाइड समजावलं. समोरची एखादी आमच्या शेवटच्या रांगेच्याही पलीकडे, गोलच्या बाजूला उभी असेल आणि त्या क्षणी तिच्याकडे चेंडू मारला, तर तो खेळ थांबतो, चेंडू आपल्याला मिळतो. म्हणजे काय करायचं? चेंडू मारला जायच्या आत चौघींनी एकदम दोन पावलं पुढे सरकायचं आणि तिला पलीकडे एकटी पाडायची. शहरातल्या मुलींना हे शिकवायला वर्ष जातं म्हणे, कारण चौघींतली एक तरी मागे राहते. आम्हाला हात धरून पुढेमागे सरकायची सवय लहानपणापासूनची. वाशिंद "चल" म्हणायची आणि आम्ही चौघी सरकायचो. नंतर हात सोडले तरी साखळी सुटली नाही.

मग आम्ही हरेनाशा झालो. गोल फारसे करायचो नाही, पण आमच्यावरही होत नव्हते. समोरच्या मुली चेंडू घेऊन येत, पंचांची शिट्टी वाजे, त्या परत जात, पुन्हा येत, पुन्हा शिट्टी. एका सामन्यात तर त्यांची पुढची मुलगी रडकुंडीला येऊन वाशिंदला म्हणाली, "तुम लोग खेलते क्यों नहीं?" वाशिंद म्हणाली, "खेलताय ना." भाताच्या कापणीचे दिवस होते. आमच्यातल्या निम्म्या पोरी सकाळी शेतात वाकून येत आणि दुपारी पळत. दर सामना जिंकला की बाकीच्या नाचायच्या आणि मी मनात म्हणायचे, खाट एका सामन्याने जवळ आली. जिंकल्याचा निव्वळ आनंद मला त्या मोसमात एकदाही झाला नाही, हे आता वाईट वाटतं.

अंतिम सामना मुरबाडला होता. शहापूरहून किन्हवली गावावरून दोन जीपांतून गेलो. समोर कल्याणकडचा संघ, सगळ्यांच्या पायांत सारखे बूट, सारखे मोजे, नडगीला पॅड. आमच्यातल्या तिघी मागून आणलेले बूट घालून होत्या. शिवाय विद्यापीठाच्या संघासाठी मुली निवडणारे एक गृहस्थ मुद्दाम आले होते. सरांनी सांगितलं, त्यांची नजर वाशिंदवर आहे. वाशिंद लाजली आणि तिने वेणी पुन्हा घातली. तिला त्या संघात जायचं होतं, फार जायचं होतं. जीपमध्ये तिने हे मला दोनदा सांगितलं होतं.

आमचा गोल झाला तो किन्हवलीच्या पाठीवर आपटून. तिलाही नंतर सांगावं लागलं. एक शून्य. बाकी सगळा वेळ त्या कल्याणच्या पोरी आमच्यावर चालून येत होत्या, शिट्टी वाजत होती, आणि आमची साखळी सरकत होती.

शेवटची काही मिनिटं राहिली तेव्हा पंचांनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. मीही बघितलं, म्हणजे त्यांच्या मनगटाकडे. तेवढ्यात वाशिंद "चल" म्हणाली. तिघी सरकल्या, मी मागे राहिले. माझ्या एकटीमुळे ऑफसाइड झालं नाही आणि त्यांची सगळ्यात वेगवान मुलगी चेंडू घेऊन सुटली. खर्डी गोल सोडून पुढे धावली, त्या मुलीने तिलाही चुकवलं. समोर मोकळा गोल. माझ्या डोळ्यांपुढे खाट, गादी, चादर सगळं उचलून नेताना दिसलं.

वाशिंदने मागून झेप घेतली आणि दोन्ही हातांनी त्या मुलीचा डावा घोटा धरला. काय पकड होती! कबड्डीत असती तर लोकांनी मैदानात टोप्या फेकल्या असत्या. ती मुलगी आडवी झाली. आणि आम्ही काय करावं? एकीने घोटा धरला की बाकीच्यांनी तुटून पडायचं, हे आम्हाला कोणी सांगावं लागत नाही. मी जाऊन तिची कंबर धरली. तिसरीने खांदे दाबले. खर्डी उशिरा पोचली तरी वरून बसली. चेंडू आपला एकटाच घरंगळत बाहेर गेला. पंच नुसते बघत होते. मग शिट्टी विसरून ते म्हणाले, "अहो, सोडा तिला!"

वाशिंदला लाल कार्ड, आम्हाला पिवळं. सरांनी कपाळाला हात लावला. ती कपडे झटकत बाहेर गेली आणि कडेच्या दगडावर पाठ करून बसली. धरपकड गोलपुढच्या चौकटीच्या बाहेर झाली म्हणून त्यांना पेनल्टी नाही, नुसती फ्री किक मिळाली, ती आमच्या रांगेला लागून बाहेर गेली, आणि सामना संपला. आम्ही जिंकलो. सगळ्या वाशिंदच्या अंगावर पडल्या. मी बाजूला उभी राहून हमसून हमसून रडले.

तिसऱ्या वर्षी खाट माझीच राहिली. मी पदवीधर झाले, पुढे बी.एड. झालं, आता आश्रमशाळेत शिकवते. वाशिंदला लाल कार्डामुळे पुढच्या सामन्याला बंदी होती, आणि पुढचा सामना म्हणजेच विद्यापीठाच्या संघाची निवड. ती बाहेर राहिली. त्यानंतर तो योग पुन्हा आला नाही. लग्न होऊन ती मुरबाडलाच गेली.

हे मी कधी विसरले नाही. पहिल्या पगारातून आईला साडी घेतली तेव्हा वाशिंदलाही घेतली. तिच्या लग्नात तिच्या आईपेक्षा जास्त मी रडले. दर दिवाळीला जाते, हातात काहीतरी नेते, आणि तिच्यासमोर माझा आवाज आपोआप खाली येतो.

गेल्या दिवाळीनंतर तिच्याकडे गेले. ओटीवर बसून आम्ही भिजवून मोड आणलेले वाल सोलत होतो. ती मधेच म्हणाली, "एक इचारू? तू माज्यासमोर अशी का गो वागतस? माजी सासू म्हणते, ही बाई येते आणि तुज्या पाया पडायचीच काय ती बाकी ठेवते."

इतकी वर्षं साठवलेलं मी तेव्हा बोलले. म्हटलं, तू माझ्यासाठी त्या मुलीचा पाय धरलास. माझ्यासाठी विद्यापीठाचा संघ घालवलास.

"तुज्यासाठी?" ती हसायला लागली. "नाय गो! ती आमच्या अंगणात शिरली व्हती, मी धरली. तवा कोन इचार करतं? कार्ड दिसलं तवा कळलं आपण फुटबॉल खेळतो. चार दिवस रडले मी. पण ते तुज्यासाठी कशाला?"

मला चक्क राग आला. तिचा आला, माझा आला, त्या साडीचासुद्धा आला. ज्या उपकाराखाली इतकी वर्षं मान वाकवून चालले, तो उपकार झालाच नव्हता! मी जरा तावातच म्हटलं, "पण हरलो असतो तर माझी खाट गेली असती, हे तुला माहीत होतं ना?"

"कसली खाट?"

सरांनी कोणाला काही सांगितलंच नव्हतं. रोज माझ्याबरोबर डबा खाणाऱ्या बाईला वसतिगृहाची अट ठाऊक नव्हती, मॅडमचं बोलणं ठाऊक नव्हतं, ती दोन स्थळं ठाऊक नव्हती. मग मी पहिल्यापासून सांगितलं. ती ऐकत गेली तसा तिचा हात वालावर थांबला. हसणं गेलं. तोंड लाल झालं, आणि मला वाटलं, आता ही रडणार.

"मूर्ख हायस तू," ती म्हणाली. "तवाच सांगायचं ना गो. दुसरा पायपण धरला असता."