लाल बुचाचं पाणी

फुकुओकाच्या एका विद्यापीठात उंदीर सांभाळण्यात तोकुझो कुरोगीची हयात गेली. साधेसुधे उंदीर नव्हेत, जन्मजात रक्तदाबाचे. शेपटीला पट्टा बांधून दाब मोजण्याआधी तो एकेकाला उबदार फडक्यात गुंडाळी आणि बेसूर आवाजात गाणं म्हणे. उंदीर शांत होत, माणसं पळ काढत.

त्याचा स्वतःचा दाब उंदरांच्या तोडीस तोड. त्यात यंदा साठी भरली. नोकरीत मुदतवाढ हवी तर तपासणीत दाब आटोक्यात दिसायला हवा, नाहीतर घरी बसा. या विचारानंच बिचाऱ्याचा जीव कासावीस होई. आपल्यामागे उंदरांना गाणं कोण म्हणणार?

"अहो, ती खारवलेली माशाची अंडी सोडा आता!" बायको फुमिए कानीकपाळी ओरडे. तो मान डोलवी आणि भातावर आणखी थोडी घेई.

या उंदरांवर पाण्यातून नवं औषध देऊन प्रयोग करणाऱ्या उशिजिमाबाईंना एकदा त्यानं विचारलं, "सेन्सेई, या पाण्यातल्या औषधानं होतं काय?"

"मेंदूच्या तळाशी दाबाची सूत्रं हलवणारी जागा असते. तिथे प्राणवायूची काही वांड पोरं धुडगूस घालतात, मग ती जागा दाब चढवते. आपलं औषध म्हणजे अँटिऑक्सिडंट, ते त्या पोरांना गप्प बसवतं. निदान आमचा अंदाज तसा आहे."

उंदरांच्या पाण्याच्या काही बाटल्यांना लाल बुचं होती, काहींना निळी. औषध कशात आणि नुसतं पाणी कशात हे बाटल्या भरणाऱ्यालाच ठाऊक. बाईंनाही नव्हतं. कुरोगीला मात्र शंकाच नव्हती. साठीला लेकीनं त्याला लाल जाकीट आणि लाल टोपी घातली होती. साठी म्हणजे नवा जन्म, त्याचा रंग लाल. मग औषध निळ्यात कशाला जाईल?

रोज सकाळी बाटल्या बदलताना लालमधलं उरलेलं पाणी तो फेकण्याऐवजी घशात ओतू लागला.

"उंदरांचं उष्टं पिता?" फुमिएनं कपाळाला हात लावला.

"त्यांची ना नाही, मग तुझी का?"

तपासणीत दाब असा खाली आला की डॉक्टरनं यंत्र बदलून पाहिलं. मुदतवाढ मिळाली. प्रयोग संपून गुपित फुटायच्या दिवशी कुरोगी लाल जाकीट-टोपी घालूनच आला आणि छाती फुगवून सगळं सांगून बसला.

उशिजिमाबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "त्यांच्या वाटणीचं नाही ना प्यालात?"

"छे हो! उरलंसुरलं."

मग बाईंना हसू आवरेना. "कुरोगीसान, लालमध्ये नळाचं पाणी होतं! औषध निळ्यात. निळेवाल्यांचा दाब उतरला, लालवाले आहेत तिथेच."

"मग माझा कसा उतरला?"

"तुम्हाला वाटत होतं ना, औषध आहे म्हणून. त्यांना बिचाऱ्यांना कुणी सांगितलंय?"

कुरोगीला उंदरांची फार दया आली. एकच पाणी प्यायलो, आणि गुण मला एकट्याला! तो तडक लाल बुचांच्या पिंजऱ्यांपाशी गेला, टोपी काढली आणि वाकला.

"बाळांनो, जालीम औषध आहे हं," तो हळूच म्हणाला. "मी स्वतः पिऊन बघितलंय."