मांजा, विहीणबाई, मांजा!

मला इटालियन भाषेतलं एकच क्रियापद येतं, आणि त्याने माझ्या लेकीचं लग्न मोडत आणलं होतं.

धाकटी सायली. मुलगा तिने इटलीचा शोधला. त्याची आई आमचं घर बघायला घोडपदेवच्या चाळीत येणार, म्हणून सायलीने माझी शिकवणी घेतली.

"आई, मांजा म्हणजे खा. मांजामो म्हणजे चला, जेवूया. ओ मांजातो म्हणजे माझं जेवण झालं."

"बास! पाहुण्याशी आणखी काय बोलायचं असतं?"

बाई आली. गोरीपान, अबोल. मी कोंबडी-वडे वाढले. "मांजामो!" ती खुलली, जेवली. ताट लख्ख! मी आणखी दोन वडे टाकले.

"ओ मांजातो," ती म्हणाली.

अर्थ मला नीट कळला हो! पण आमच्याकडे पाहुणा आधी नको म्हणतोच. (नको न म्हणणारा हावरट, आणि ते 'नको' ऐकणारी यजमानीण कंजूष.)

"मांजा!"

तिने खाल्लं. पुन्हा ताट लख्ख. आमच्याकडे रिकामं ताट म्हणजे भूक; तिच्याकडे पानात अन्न उरवणं म्हणजे रांधणारीचा अपमान. हे मला कोण सांगणार?

"ओ मांजातो!"

"मांजा!"

शेजारची कुंदा वडे तळतच राहिली. सोलकढीनंतर बाईची नजर कुठेतरी लांब गेली. पंखा घुमत होता, दारावरचा पडदा शिडासारखा फुगत होता. मलाही गुंगी आली. वाटलं, आमची चाळ बंदरातून सुटून हळूहळू इटलीला निघाली आहे. गॅलरीतल्या कुंड्यांसकट!

तेवढ्यात बाई माझ्या पलंगावर आडवी झाली. हाक मारली तरी ओ नाही.

"आई, सासू मारलीस माझी!" सायली रडकुंडीला आली. "आता कसलं लग्न!"

दिवेलागणीला बाई उठली. सायलीशी बराच वेळ बोलली.

"काय म्हणते गं?"

"लग्नाला हो म्हणते. पण आता स्वयंपाक ती करणार. आणि तू जेवणार."

त्यांच्या इटालियन शेवयांचा डोंगर आला. मी संपवला. दुसरा आला.

"ओ मांजातो!" मी हात जोडले.

विहीणबाई गोड हसल्या. "मांजा!"

शेवटी मी त्याच पलंगावर पडले. पुन्हा चाळ तरंगू लागली.

"आई, 'पुरे' कसं म्हणायचं ते शिकवायचं राहिलंच गं," सायली उशाशी म्हणाली.

"राहू दे," मी डोळे मिटूनच म्हटलं. "तो शब्द मला मराठीत तरी कुठे कळतो!"